गोळी कुणाच्या सकाळी?

शनिवारी दुपारची ओपीडी आटोपली की आम्ही बाकं भिंतीला लावतो, सतरंज्या अंथरतो आणि चहाचा मोठा थर्मास मधोमध ठेवतो. मग रुग्णांची बैठक सुरू होते. येणारे बहुतेक मधुमेहाचे. काहींना जोडीला ब्लडप्रेशर. डॉक्टरही येतात, पण एका कडेला बसतात आणि कुणी विचारलं तरच बोलतात. हा दंडक रुग्णांनी घातला. सुरुवातीला डॉक्टर समोर खुर्चीवर बसायचे, तेव्हा बैठकीचं भाषण व्हायचं आणि भाषण ऐकून सगळे माना डोलावून घरी जायचे.

या डोलणाऱ्या मानांवर विसंबून चालत नाही. "समजलं का?" "समजलं, सिस्टर." "गोळ्या वेळेवर घेता ना?" "घेतो की." एवढ्यावर केसपेपर पुढे सरकतो आणि तीन महिन्यांनी साखर होती तिथेच असते. मी निपाणीची, मिरजेला नर्सिंग शिकले, वॉर्डात काम केलं, लग्नानंतर बेंगळुरूला आले. आता सर्जापूर रोडजवळच्या एका धर्मादाय दवाखान्यात मधुमेहाच्या रुग्णांना औषध, इंजेक्शन, आहार समजावण्याचं काम करते. समजावण्याआधी विचारायला किती लागतं, ते मला इथल्या रुग्णांनी दाखवलं.

हा रस्ता माहीत नसलेल्यांसाठी थोडं सांगते. कोरमंगलात सुरू होऊन आगरा, इब्लूर, कैकोंड्रहळ्ळीचं तळं, दोड्डकन्नेल्ली असं करत तो दोम्मसंद्रावरून सर्जापूरला पोचतो. विप्रोचं मुख्यालय याच रस्त्यावर. दोन्ही बाजूंना उंच सोसायट्या, आणि त्या सोसायट्यांच्या मागच्या बाजूला, नकाशात चटकन न दिसणाऱ्या मोकळ्या प्लॉटवर, पत्र्याच्या शेडांच्या रांगा. तिथे कलबुर्गी-रायचूरचे बांधकाम मजूर राहतात, बंगालच्या आणि ओडिशाच्या घरकामाच्या बायका राहतात, रात्रपाळीचे सुरक्षारक्षक दिवसा झोपतात. आमच्याकडे शेडमधले लोक येतात तसे सोसायटीतलेही येतात. मुलाकडे राहायला आलेले आईवडील खासकरून, कारण इथे मराठी बोलणारी सिस्टर आहे असं कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं.

मधुमेह सगळ्यांना सारखाच गाठतो. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यानुसार भारतात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण आहेत. एवढ्या लोकांचा आजार डॉक्टर सांभाळू शकत नाहीत. डॉक्टरांच्या पुढ्यात माणूस वर्षातून सगळे मिळून फार तर तासभर असतो. बाकीचं वर्ष तो स्वतःच स्वतःचा डॉक्टर असतो. काय खायचं, गोळी घ्यायची की टाळायची, पायाला झालेला फोड दाखवायचा की अंगावर काढायचा, हे सगळं तोच ठरवतो. म्हणून उपचार ठरवताना त्याला बाजूला ठेवणं मला माणुसकीच्या दृष्टीने खटकतंच, पण त्याहून आधी ते औषधशास्त्राच्या दृष्टीने चूक वाटतं. चुकीच्या माहितीवर दिलेलं औषध बरोबर लागू पडत नाही.

बैठकीला खरं वळण मिळालं ते रात्रपाळीच्या रक्षकांमुळे. ओडिशातले एक पन्नाशीचे दादा, एका सोसायटीच्या गेटवर रात्री आठ ते सकाळी आठ. त्यांची उपाशीपोटीची साखर कायम चढी यायची. डोस वाढवला, तरी चढीच. एका बैठकीत कुणीतरी सहज म्हणालं की मी सकाळी उठल्या उठल्या रक्त देऊन येतो, तेव्हा हे दादा म्हणाले, "सिस्टर, माझी सकाळ संध्याकाळी होते."

मग त्यांनी आपला दिवस सांगितला. रात्री दहाला डबा. अडीच-तीनला झोप अनावर होते म्हणून दोन बिस्किटं आणि गोड चहा, हा चहा सोसायटीचाच. आठला ड्यूटी सुटली की साडेआठला आमच्या लॅबच्या रांगेत. रिपोर्टवर 'फास्टिंग' लिहिलेलं, पण पोट उपाशी कुठे होतं? आठ तास काही न खाता घेतलेलं रक्त म्हणजे फास्टिंग. यांच्या पोटात साडेपाच-सहा तासांपूर्वीचा साखरेचा चहा होता. कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं, कारण 'सकाळी या' म्हटल्यावर ते सकाळी आले होते. सांगितल्याप्रमाणे वागणारा माणूस आणखी काय करणार?

गोळीचं तर याहून वाईट. चिठ्ठीवर लिहिलेलं १–०–१. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. त्यातली एक गोळी ग्लिमेपिराइडची. ही गोळी शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावते, म्हणून ती दिवसाच्या पहिल्या मोठ्या जेवणाबरोबर घ्यायची असते. गोळी पोटात गेली आणि जेवण नीट झालं नाही तर साखर धाडकन खाली येते. दादा ती सकाळी नऊला, नुसत्या चहाबरोबर घेऊन झोपायचे. दुपारी बाराच्या सुमारास घामाने चिंब होऊन जाग यायची, छाती धडधडायची. पत्र्याखाली उकडतं म्हणून होत असेल, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. शेजारी बसलेला दुसरा रक्षक म्हणाला, मलापण होतं. तिसऱ्याने मान हलवली.

कडेला बसलेले डॉक्टर उठून जवळ येऊन बसले. त्या दिवशी तिथल्या तिथे त्यांच्या चिठ्ठ्या नव्याने लिहिल्या गेल्या. १–०–१ काट मारून खाली लिहिलं: ड्यूटीवर जाण्याआधीच्या जेवणाबरोबर. रक्त कधी घ्यायचं, ते रक्षकांनीच सुचवलं. ते नऊला झोपतात, पाचला उठतात. उठल्यावर चूळ भरून सरळ लॅबमध्ये यायचं, तेव्हा पोट खऱ्या अर्थाने उपाशी असतं. लॅबच्या मुलाने आधी कुरकुर केली, कारण त्याचं काम दुपारी एकला संपायचं. मग आठवड्यातले दोन दिवस त्याने उशिरा यायचं आणि उशिरा जायचं असं ठरलं. एवढाच बदल. त्याला पैसा लागला नाही, यंत्र लागलं नाही. पण हा बदल आमच्यापैकी कुणालाही खुर्चीत बसून सुचण्यासारखा नव्हता, कारण आम्ही रात्री झोपणारी माणसं.

दुसरी गोष्ट सुईची. घरकाम करणाऱ्या एक बाई, त्यांना सगळे अक्का म्हणतात. सहा घरची भांडी-फरशी. इन्सुलिनवर होत्या, तरी साखर तीनशेच्या खाली यायला तयार नाही. "इन्सुलिन घेता का?" या प्रश्नाला त्यांचं उत्तर 'हो' असंच होतं आणि ते खरंही होतं. मी म्हटलं, "अक्का, घरी कसं घेता ते मला करून दाखवा. मी बोलणार नाही, नुसती बघते."

त्यांनी पिशवीतून बाटली काढली, तळव्यांमध्ये हलकी फिरवली, रबर पुसलं, बरोबर वीसच्या रेघेपर्यंत औषध ओढलं, बोटाने टिचकी मारून बुडबुडा काढला. हात कसलेला, एक हालचाल वावगी नाही. फक्त सिरिंजचं टोपण नारिंगी होतं.

आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन शक्तींच्या मिळतात. एकीत एका मिलिलिटरला ४० युनिट, दुसरीत १००. चाळीसच्या बाटलीची सिरिंज वेगळी, तिचं टोपण लाल. शंभरच्या बाटलीची सिरिंज नारिंगी टोपणाची. अक्कांची बाटली चाळीसची. लाल सिरिंजा संपल्या तेव्हा औषधाच्या दुकानातून त्यांनी 'इन्सुलिनची सुई' मागितली, दुकानदाराने होती ती दिली. नारिंगी सिरिंजवर वीसच्या रेघेपर्यंत चाळीसचं औषध ओढलं की अंगात जातात फक्त आठ युनिट. अक्का रोज इमानेइतबारे आठ युनिट घेत होत्या आणि केसपेपरवर वीस लिहिलेलं होतं. साखर उतरत नाही म्हणून डोस वाढवत नेला असता आणि एखाद्या दिवशी दुकानात लाल सिरिंज मिळाली असती, तर ठरलेला पूर्ण डोस, म्हणजे तोवर अंगात जात होता त्याच्या अडीचपट, एकदम गेला असता. एकटी बाई, पत्र्याच्या खोलीत, रात्री. त्या पुढचं मला लिहवत नाही.

तेव्हापासून 'घेता का' हा प्रश्न मी सोडून दिला. 'दाखवा' म्हणते. गोळ्यांची पिशवी सतरंजीवर रिकामी करायला सांगते. यात एक पथ्य फार कडक पाळावं लागतं: पिशवीतून काहीही निघालं तरी रागवायचं नाही. अर्ध्या तोडलेल्या गोळ्या निघतात, कारण महिनाअखेर पुरवायच्या असतात. गावच्या जडीबुटीवाल्याची पूड निघते. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या पट्ट्या निघतात आणि माणूस दोन्ही घेत असतो, कारण दोन वेगळ्या डॉक्टरांनी दिल्या. एकदा तोंडातून "असं कशाला केलंत?" निघालं की पुढच्या वेळी पिशवी घरी राहते. पैशाची अडचण माणूस शेवटी सांगतो, आणि तीही मान खाली घालून. ती आधी विचारली तर जनऔषधीतली स्वस्त गोळी देता येते, तीन गोळ्यांच्या जागी दोनवर भागतं का ते बघता येतं. हा उपचाराचाच भाग आहे असं मी मानते.

आहाराच्या कागदाची तर रुग्णांनी पार उलथापालथ केली. पूर्वी आमच्याकडे छापील तक्ता होता. सकाळी ओट्स किंवा ब्राउन ब्रेड, अकराला एक फळ, दुपारी दोन फुलके, सॅलड, लो-फॅट दही. कुणासाठी होता कोण जाणे. बैठकीत तो वाचून दाखवला तेव्हा कलबुर्गीच्या एका मावशींनी शांतपणे विचारलं, यातलं आमच्या दुकानात काय मिळतं?

मग आम्ही उलटीकडून सुरुवात केली. प्रत्येकाने काल काय खाल्लं तेवढंच सांगायचं. कलबुर्गीकडची ज्वारीची रोटी आणि शेंगाचटणी. इथल्या जुन्या गावकऱ्यांची रागीमुद्दे आणि सारू. ओडिशाचा पखाळ, म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, सोबत कांदा-मिरची. बंगाली बायकांचा मुरमुरा. आमच्या मराठी मंडळींची भाकरी, पिठलं, आणि चहाबरोबरची खारी. कुणाच्याच जेवणात ओट्स नव्हते आणि कुणाचंच जेवण सगळं बाद करण्यासारखं नव्हतं. भात टाकायला कुणी तयार होत नाही, पण भाताआधी वाटीभर डाळ किंवा भाजी खायला तयार होतात. पखाळ खाणाऱ्या दादांनी स्वतःच सुचवलं की भाताचा वाटा कमी करतो आणि जोडीला भाजलेली सुकी मासळी घेतो. मासळीचं मीठ ब्लडप्रेशरला वाईट, हे डॉक्टरांनी सांगितलं. मग अंड्यावर तडजोड झाली. रागीमुद्दे कितीही खाल्ली तरी चालते, हा समजही याच चर्चेत निघाला. रागी चांगली, पण गोळा मुठीएवढा, तोही एक. मोजमाप मुठीचं, वाटीचं ठेवलं. ग्रॅममध्ये कुणाचंच पोट भरत नाही.

आता आमच्या भिंतीवर चार वेगवेगळ्या थाळ्यांची चित्रं आहेत. एका बंगाली बाईंच्या मुलीने काढली, शाळेच्या रंगपेटीने. हा तक्ता लोक खरोखर वाचतात, एकमेकांना बोट दाखवून समजावतात. जुन्या तक्त्यासमोर मी कुणाला थांबलेलं पाहिलं नव्हतं.

सोसायटीतल्या मंडळींचं दुखणं वेगळं. तिथे पैशाची किंवा माहितीची वानवा नसते. मुलगा फोनवर आलेख दाखवतो, दंडावर सेन्सर लावलेला असतो, दर पाच मिनिटांची साखर कळते. फक्त ज्यांच्या दंडावर सेन्सर आहे ते काही बोलत नाहीत. कोल्हापूरकडच्या एक आजी अशाच आल्या. मुलगा भला, आईची काळजी घेणारा, पण प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तोच देत होता. रात्री झोप लागते का, हेसुद्धा. मी त्याला बाहेर चहा घेऊन यायला सांगितलं. दार लोटलं तसं आजी म्हणाल्या, "नवरात्र आलं. मी लग्न झाल्यापासून नऊ दिवस धरते. डॉक्टरांनी बंद करा म्हटलंय. मी बंद करणार नाही, पण तुम्ही ह्याला सांगू नका."

म्हणजे आजी उपास करणार होत्याच, फक्त चोरून. चोरून केलेला उपास फार धोक्याचा, कारण गोळ्या नेहमीच्याच चालू राहतात आणि घरात कुणाला पत्ता नसतो. मी त्यांना म्हटलं, "आजी, शनिवारी या. उपास कसा करायचा ते बघू." 'करायचा की नाही' हा प्रश्न त्यांच्या लेखी सुटलेला होता, तो पुन्हा उकरून काढण्यात अर्थ नव्हता.

शनिवारच्या बैठकीत एक टॅक्सीवाले भाई होते, बरीच वर्षं मधुमेह असलेले. रमजानचे रोजे मधुमेह सांभाळून कसे करायचे यावर डॉक्टरमंडळींनी पुष्कळ काम केलंय; त्याच्या मार्गदर्शक पुस्तिका आहेत, गोळ्या कुठल्या, कधी, किती कमी करायच्या याचं तंत्र बसलेलं आहे. ते तंत्र आमच्या डॉक्टरांच्या हातचं होतं, भाईंच्या अंगवळणी पडलेलं होतं. नवरात्राला तेच लावता येईल, हे मात्र भाई आणि आजींना समोरासमोर बसवल्यावर दिसलं. भाई आजींना हिंदीत समजावत होते: बोट टोचून साखर बघितल्याने रोजा मोडत नाही असं आम्हाला मौलवींनी सांगितलंय, तुमचाही मोडणार नाही. दुपारी चारला बघायची. सत्तरच्या खाली आली तर देवाची माफी मागून तीन चमचे साखर खायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायची. आजींनी विचारलं, "आणि वरीचे तांदूळ?" ते काही भाईंना माहीत नव्हतं. तिथे मी होते. साबुदाण्याची खिचडी साखर झपाट्याने वाढवते; तिच्याऐवजी वरी थोडी, राजगिरा, दाण्याची आमटी, ताक. दिवसभर कोरडं राहून रात्री एकदम खाण्यापेक्षा चार वेळा थोडं थोडं. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइडचा डोस नऊ दिवसांपुरता उतरवून दिला. मुलाला बोलावून सगळं त्याच्यासमोर सांगितलं, तेही आजींना विचारून. त्याने आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग चारचा अलार्म स्वतःच्या फोनमध्ये लावला.

असं काही सांगितलं की लोक म्हणतात, तुमच्या डॉक्टरांची ही नवी कल्पना छान आहे. नवी कुठली? याच रस्त्याच्या कोरमंगलाकडच्या टोकाला सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय आहे, १९६३ सालचं. तिथल्या डॉक्टरांनी १९७३ मध्ये शिडलघट्टा तालुक्यातल्या मल्लूर गावात आरोग्यकेंद्र सुरू केलं ते गावच्या दूध सहकारी संस्थेला सोबत घेऊन. डेअरीत येणाऱ्या दुधामागे काही पैसे बाजूला काढायचे आणि त्यातून गावचा दवाखाना चालवायचा. पैसा गावाचा, म्हणून दवाखाना कसा चालावा यात बोलणंही गावाचं. आपल्याकडे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे १९७० मध्ये काम सुरू करायला आले, तेव्हा लोकांनी दवाखान्याआधी पाणी आणि अन्न मागितलं, आणि त्यांनी ते काम आधी हाती घेतलं. शाळा न पाहिलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. जग जामखेडला शिकायला आलं.

मला सगळ्यात भावतं ते गडचिरोलीचं उदाहरण. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ पासून तिथे काम मांडलं. गोंड आदिवासी दवाखान्यात यायला का बिचकतात, हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. उत्तरं कुठल्या पाठ्यपुस्तकात नव्हती. इमारत मोठी, आत गेलं की हरवायला होतं. डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यात, आणि पांढरं कापड तर मेलेल्या माणसावर घालतात. नातेवाइकांना बाहेर काढतात. दवाखान्यात देव नसतो. मग त्यांच्या संस्थेच्या शोधग्राम परिसरात रुग्णालय झालं ते आदिवासी पाड्यासारखं, झोपड्या-झोपड्यांचं, सोबत नातेवाइकांनी राहायची सोय असलेलं, आणि नाव दंतेश्वरी देवीचं. नर्स म्हणून हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी स्वतःच्या पांढऱ्या गणवेशाकडे पाहिलं होतं. आम्ही तो स्वच्छतेची खूण म्हणून घालतो. समोरच्याला त्यात काय दिसतं, ते त्यानेच सांगावं लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या रुग्ण सुरक्षा दिनाचा विषयच रुग्णांचा सहभाग हा ठेवला होता. आपल्याकडे कायदाही अगदी गप्प नाही. रुग्णाने मागितल्यावर त्याची कागदपत्रं ७२ तासांत दिली पाहिजेत, असं वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं की पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमती हीच खरी संमती, आणि एका शस्त्रक्रियेसाठी दिलेली संमती दुसरीसाठी वापरता येत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. महाराष्ट्रात नर्सिंग होमच्या २०२१ च्या नियमांनुसार अशी सनद दर्शनी भागात लावावी लागते. हे सगळं मोलाचं आहे आणि ते मिळवायला माणसांनी वर्षानुवर्षं लढा दिलाय. पण भिंतीवरची सनद वाचून अक्कांनी सिरिंज दाखवली नसती. त्यासाठी समोर एक माणूस बसायला लागतो, ज्याला घाई नाही.

घाई नसणं हीच या कामातली सगळ्यात महाग गोष्ट. आमच्या डॉक्टरांपुढे सकाळी एवढी रांग असते की एका रुग्णाला चार-पाच मिनिटंच मिळतात, आणि सरकारी दवाखान्यांत तेवढीही मिळत नाहीत. त्या डॉक्टरांना 'रुग्णाचं ऐका' म्हणून उपदेश करण्यात मला काही राम वाटत नाही. वेळेची सोय व्यवस्थेने करायला हवी: नर्सला, आशाताईंना, समुपदेशकाला, अनुभवी रुग्णाला हे काम रीतसर द्यायला हवं, त्याचा मोबदला द्यायला हवा. टॅक्सीवाले भाई शनिवारी दुपारची दोन-तीन भाडी सोडून येतात. त्यांना आम्ही आता थोडं मानधन देतो. त्यांनी ते आधी नको म्हटलं, पण त्यांच्या ज्ञानाची किंमत आहे आणि ती हिशेबात दिसली पाहिजे, असं माझं म्हणणं होतं.

दुसरी अडचण नाजूक आहे. प्रत्येकाला निर्णयात भाग घ्यायचा नसतो. "तुम्हीच ठरवा सिस्टर, मला काय कळतंय," असं म्हणणारे पुष्कळ. काहींचं ते भीतीतून येतं. त्यांना वेळ दिला की आठवडा-पंधरवड्यात प्रश्न फुटतात. पण काहींची ती खरोखरची इच्छा असते. दिवसभर दहा मालकिणींचं ऐकून, घरी येऊन चार पोरांचं बघून, आणखी एक निर्णय त्यांना नको असतो. कुणीतरी विश्वासाने आपला भार घ्यावा असं वाटतं. अशा बाईला 'सहभागी व्हा' म्हणून ढकलणं हीसुद्धा जबरदस्तीच. मी एवढंच विचारते: "ठरवते मी, पण तुम्हाला कशाची भीती वाटते तेवढं सांगा." त्या एका उत्तरावर बरंच काही ठरवता येतं. सुईची भीती, डायलिसिसची भीती, काम सुटण्याची भीती. यातली शेवटची सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येते.

बैठकीत सध्या तोच विषय आहे. निमित्त रात्रपाळीच्या रक्षकांच्या पायांचं. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, बूट चावलेला कळत नाही, फोड होतो, चिघळतो. आम्ही दर महिन्याला पाय तपासतो, नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून संवेदना बघतो, सुती मोजे घाला म्हणतो. रक्षकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, बूट एजन्सीचे आहेत, एकाच मापाचा एक जोड दोघांनी पाळीपाळीने वापरायचा. बारा तास उभं राहायचं, कारण गेटवर खुर्ची ठेवली तर रहिवासी तक्रार करतात की वॉचमन झोपतो. अशा पायाला आम्ही कितीही मलम दिलं तरी ते गेटपर्यंतच पुरतं.

एका तमिळ रक्षकाने सांगितलं की त्यांच्या राज्यात दुकानातल्या कामगारांना बसायला जागा देण्याचा कायदा झालाय. खरंच आहे, केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये तो केला. तो दुकानांपुरता आहे, गेटला लागू नाही, आणि हे कर्नाटक. तरी त्यावरून बोलणं पुढे गेलं. रक्षकांनी ठरवलं की अर्ज त्यांच्या नावाने नको, नोकरी जाईल. दवाखान्याने पत्र लिहावं, त्यात कुणाचंही नाव किंवा आजार नसावा, फक्त एवढं असावं की बारा तास उभं राहणाऱ्या माणसाच्या पायाला काय होतं. मजकूर त्यांनी सांगितला, मी इंग्रजीत उतरवला, डॉक्टरांनी सही केली. एका सोसायटीच्या समितीने गेटवर उंच स्टूल ठेवलं आणि बूट ज्याचे त्याला वेगळे द्यायला एजन्सीला सांगितलं. दुसरीने उत्तर दिलेलं नाही.

त्या दुसऱ्या सोसायटीत आजी राहतात. पुढच्या महिन्यात तिथल्या रहिवाशांची सभा आहे, आणि पत्राची एक प्रत आजींनी माझ्याकडून मागून घेतली आहे. मराठीत करून द्या म्हणाल्या, म्हणजे बोलताना अडखळायला नको.